गोव्यातली विशेष शिक्षण सेवा: कार्ड मिळतं, वर्गात काय मिळतं?

दिव्यांग मुलाच्या शिक्षणासाठी सरकार जी सेवा देतं तिची एकच खिडकी नाही. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, केंद्राच्या पोर्टलवर, तपासणी इस्पितळात, रिसोर्स टीचर (शाळेत येऊन दिव्यांग मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक) समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा, परीक्षेच्या सवलती शालान्त मंडळाकडे आणि तक्रार दिव्यांगजन आयुक्तांकडे. म्हणून परीक्षण एकेका खिडकीचंच करावं लागतं. निकाल आधीच सांगून टाकतो: कायदा उत्तम, कार्डाची व्यवस्था बरी, परीक्षेच्या सवलती वेळेत मागितल्या तर चांगल्या, आणि वर्गातला रोजचा आधार सगळ्यात कच्चा. पालकांची बहुतेक ताकद मात्र कार्डावरच खर्ची पडते.

कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत. स्वमग्नता (ऑटिझम) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) या यादीत तेव्हाच आल्या. शाळेशी बोलताना यातली दोन कलमं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. कलम ३१ ला टक्केवारी लागते: ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. कलम १६ ला टक्केवारी लागत नाही. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारतीत ये-जा करता येईल असं बघायचं, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर हुडकायची, असं ते सांगतं. ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’ हे उत्तर या कलमापुढे टिकत नाही. पुढच्या बाकावर बसवायला, फळ्यावरचं उतरवून घ्यायला पाच मिनिटं जास्त द्यायला किंवा घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात छापायला कुठल्याही वैद्यकीय मंडळाची सही लागत नाही.

गोव्यात आणखी एक उत्तर हमखास ऐकू येतं: आमची संस्था अल्पसंख्याक, आम्हाला आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, लागू नाही. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसंच म्हटलं होतं, त्यामुळे त्या वाटेवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण २०१६ च्या कायद्याचं कलम १६ मान्यता आणि अनुदान बघतं, संस्था कुणाची ते बघत नाही. म्हणून अर्जात आरटीईच्या आधी हे कलम लिहावं. घरी शिकवण्याच्या पर्यायाचंही तसंच. २०१२ च्या दुरुस्तीने आरटीईमध्ये आलेला तो हक्क तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाचा आहे. तो निवडायचा की नाही ते घर ठरवतं. शाळेने तो सुचवून मुलाला पटावर ठेवायचं आणि वर्गाबाहेर काढायचं, ही कायद्याची सोय नव्हे. ‘रोज दोनच तास पाठवा’, ‘आईने व्हरांड्यात बसून राहावं’ हे त्याच जातीचं. अशी सूचना तोंडी आली तर ती लेखी मागावी. बऱ्याचदा ती लेखी येतच नाही आणि विषय तिथेच मिटतो.

आता खिडक्या. पहिली यूडीआयडीची, म्हणजे वर सांगितलेलं कार्ड देणाऱ्या स्वावलंबन पोर्टलची. अर्ज घरबसल्या भरता येतो, नोंदणी क्रमांक लगेच मिळतो, इस्पितळ तिथेच निवडायचं असतं. गोव्यात हा अर्ज अडतो तो बहुधा नावावर. जन्मदाखल्यावर शिरोडकर एक्सने सुरू होतं, आधारवर एसने. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नाहीच. नाईक तर दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. कार्डावर एक स्पेलिंग आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरं राहिलं तर खरी अडचण दहावीच्या अर्जावेळी उभी राहते, आणि तेव्हा दुरुस्तीला सवड नसते. आधी जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर ही तिन्ही एका स्पेलिंगवर आणावीत, मगच पोर्टल उघडावं. दुसरी गोष्ट मोबाईल नंबरची: सायबरवाल्याचा किंवा अंगणवाडी सेविकेचा नंबर टाकला की पुढचे सगळे ओटीपी आणि तारखेचे मेसेज तिकडे जातात.

ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. सेवेच्या दृष्टीने ही पीछेहाटच. त्याच नियमांनी कार्डाचे रंग ठरवले: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं. पांढरं कार्ड हाती आलं की लोक ते कपाटात टाकतात. टाकू नये. कलम १६ खालच्या सोयी मागताना आणि परीक्षेत लेखनिक मागताना तो सरकारी पुरावा ठरतो. या खिडकीला पाचात साडेतीन गुण.

दुसरी खिडकी तपासणीची. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं ही मुख्य ठिकाणं. अपंगत्वाचा प्रकार कोणता त्यावर कुठे जायचं ते ठरतं. इथली माणसं बहुतेक ठिकाणी सौजन्याने वागतात, पण आकडा घरच्यांच्या उत्तरांवर किती अवलंबून असतो हे आधी कुणी समजावून सांगत नाही. बौद्धिक अक्षमतेसाठी सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी वापरतात आणि तिचे प्रश्न पालकांना विचारतात. ‘मूल स्वतः जेवतं का?’ आई म्हणते, हो. प्रत्यक्षात ती भात कालवून, घास करून ताटात ठेवते आणि मूल तो उचलून तोंडात घालतं. ‘कपडे घालतं का?’ हो, पण बटणं, बक्कल, उलट-सुलट सगळं आई बघते. पोर चांगलं दिसावं ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण इथे ‘करतो’ आणि ‘करवून घेतो’ यांत मोठा फरक आहे. कुणाच्याही मदतीशिवाय, न सांगता, बहुतेक दिवशी जे होतं तेवढ्यालाच ‘हो’ म्हणावं. स्वमग्नतेच्या आयसा मापनश्रेणीचंही हेच: ४० बाबी, ७० च्या खाली स्वमग्नता धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. एखाद्या चांगल्या दिवसाच्या आठवणीवर उत्तरं दिली की मूल एक पायरी वर सरकतं आणि त्याला लागणारा आधार एक पायरी खाली.

मोजपट्टीतली एक फट सगळ्यांनी ओळखून असावी. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९०, अतितीव्रला १००. आणि ७० ते ८४ गुणांच्या सीमारेषेवरच्या मुलाला २५. अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांकडे मात्र बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच वळायचं. मधल्या पट्ट्यातलं मूल दोन्हीकडून सुटतं: ४० टक्के नाहीत म्हणून कलम ३१ नाही, बुद्ध्यांक कमी म्हणून अध्ययन अक्षमतेचा शेरा नाही. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या आहेत, तेव्हा अहवाल हाती आला की तो कोणत्या सूचनांप्रमाणे केला ते त्यावर लिहिलंय का बघावं. अशा मुलासाठी शाळेत टक्क्यांचा विषय काढूच नये. कलम १६ वर बोट ठेवून सोयींची यादी मागावी.

अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला गोव्याची अशी एक वेगळी गुंतागुंत आहे. घरात कोकणी, सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून हायस्कूलात एकदम इंग्रजी. चौथीपर्यंत ‘जरा हळू आहे’ म्हणून खपून गेलेलं मूल पाचवीच्या पहिल्या चाचणीत सगळ्या विषयांत आपटतं, आणि मग दोन चुका सर्रास होतात. एक, माध्यम बदलल्यामुळे असं होतंय, रुळेल, म्हणत दोन वर्षं वाया जातात. दुसरी याच्या उलट: केवळ इंग्रजी उताऱ्यांवर चाचणी घेऊन मुलाला अध्ययन अक्षमता असल्याचं लिहून मोकळं होतात. मूल ज्या भाषेत वाचायला शिकलं त्या भाषेत वाचन-लेखन तपासलंच पाहिजे. मराठीत काना-मात्रेचे शब्द येतात पण जोडाक्षर आणि रफार आला की अडखळतं, ‘सूर्य’चा ‘सुय’ होतो, ‘प्र’ आणि ‘र्प’ यांची अदलाबदल होते, आणि तीच ओढाताण इंग्रजीतही दिसते, तर संशयाला आधार आहे. मराठी झरझर वाचतं आणि फक्त इंग्रजीत अडतं, तर आधी इंग्रजी नीट शिकवलं गेलंय का ते बघावं.

तपासणीची वेळ मिळाली की सोबत काय न्यायचं? डोळ्यांचा आणि कानांचा अलीकडचा अहवाल, कारण हे दोन दोष नाहीत याची खात्री झाल्याशिवाय पुढची चाचणी सुरूच होत नाही. शाळेचं पत्र, त्यात माध्यम, हजेरी आणि वर्गातल्या अडचणी. आणि वह्या. सुवाच्य करून आणलेल्या फेअर वह्यांचा काही उपयोग नाही; शुद्धलेखनाची लाल रेघोट्यांनी भरलेली वही आणि गणिताची कच्ची वही न्यावी. मूल वर्गात स्वतःहून काय लिहितं ते त्यातच दिसतं. आठ वर्षांच्या आधी अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळत नाही, आणि २०१८ च्या सूचनांत १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली आहे. १४ वं वर्ष साधारण आठवी-नववीत येतं; ते चुकलं की दहावीच्या सवलतीचा अर्ज जुन्या कागदावर लटकतो.

तिसरी खिडकी वर्गाची, आणि इथे आमचे गुण घसरतात. इस्पितळ टक्के देतं. वर्गातल्या शिक्षिकेला टक्क्यांचं करायचं काय? तिला हवी असते वैयक्तिक शिक्षण योजना, आणि ती एक तर नसते किंवा एका मुलाची दुसऱ्याला चिकटवलेली असते. ‘वाचन सुधारेल’, ‘सामाजिक कौशल्ये वाढतील’ अशा ओळी असलेली योजना परत करावी. कामाची ओळ अशी: ‘काना आणि वेलांटी असलेल्या २० शब्दांपैकी १६ शब्द मदतीशिवाय वाचेल, रिसोर्स टीचर आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं, वर्गशिक्षिका रोज ५ मिनिटं, तपासणी गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी.’ आज कुठे आहे, कुठे जायचंय, कोण करणार, किती वेळ, कधी मोजणार, ही पाच उत्तरं नसतील तर ती योजना नव्हे. एका सत्रात तीन-चार उद्दिष्टं पुरे. दहा लिहिली की एकही धड होत नाही. खाली मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, रिसोर्स टीचर आणि पालक अशा चौघांच्या सह्या आणि तारीख. एक प्रत घरी. उद्दिष्टांइतकाच महत्त्वाचा सोयींचा रकाना: फळ्यावरचं लिहून घ्यायला छापील प्रत, तोंडी उत्तराला गुण, शुद्धलेखनाचे गुण इतिहास-विज्ञानात कापायचे नाहीत, गजबज वाढली की बसायला शांत कोपरा. यांतल्या कशालाही पैसे पडत नाहीत, तरी सगळ्यात जास्त नकार यांनाच मिळतो. ‘बाकीची मुलं काय म्हणतील’ हे कारण कायद्यात कुठे नाही.

रिसोर्स टीचरची अडचण संख्येची आहे. एकाच माणसाकडे अनेक शाळा असल्या की तो प्रत्येकीच्या वाट्याला येऊन जातो, लाभत कुणालाच नाही. २०२१ च्या रजनीश कुमार पांडे खटल्यातल्या निकालानंतर केंद्राने विशेष शिक्षकाचं प्रमाण प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक असं ठरवलं. आपल्या शाळेचं प्रमाण काय, हे माहिती हक्काच्या अर्जात विचारता येतं. त्याआधी एक साधी चौकशी करावी: यूडायस प्लसवर (शाळा आणि मुलांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर) आपल्या मुलाची नोंद विशेष गरजा असलेलं मूल म्हणून केली आहे का, आणि प्रकार बरोबर टाकलाय का? तिथे नोंद नसेल तर समग्र शिक्षाच्या हिशेबात ते मूल नाहीच. त्याच्या नावावर उपकरण येणार नाही, भत्ता येणार नाही, शिक्षकही मोजला जाणार नाही. शाळेत ही नोंद लिपिक करतो, कागदपत्र मिळालं नसेल तर रकाना रिकामा सोडतो. शिक्षक विशेष शिक्षणातला असल्याचं सांगितलं जातं तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा, आणि तो चालू आहे का तेही. पालकांनी खिशातून पैसे मोजून नेमलेल्या शॅडो टीचरच्या, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणाऱ्या मदतनीसाच्या, बाबतीत तर हा प्रश्न आधी विचारायचा. या खिडकीला पाचात दोन, आणि तेही ज्या शाळांत मुख्याध्यापक स्वतः लक्ष घालतात त्यांच्यामुळे. पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवाने २०२३ पासून पणजीत चांगलं वातावरण तयार केलं हे खरं. पण मांडवीकाठी उभा राहिलेला रॅम्प सत्तरी तालुक्यातल्या शाळेच्या पायऱ्यांपर्यंत अजून पोचायचा आहे.

मुख्य प्रवाहातली शाळा की विशेष शाळा, हा निर्णय शाळेचा नाही. पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान अशा संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. कलम ३१ पसंतीचा हक्क देतं, आणि तो दोन्ही दिशांनी चालतो.

चौथी खिडकी परीक्षेची. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी नावानिशी आहेत. केंद्राच्या परीक्षांविषयीच्या २०१८ च्या सूचनांनी जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं ठरवला, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटू द्यायचं असतं. फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालानंतर ४० टक्क्यांखालच्यांनाही लिहिण्याची अडचण असेल तर लेखनिक मिळतो. त्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये सूचना निघाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये या दोन्हींच्या जागी नव्या एकत्रित सूचना आल्या. या सूचना मुळात भरती-स्पर्धा परीक्षांसाठी असल्या तरी मुख्याध्यापकांसमोर ठेवायला त्यांच्याइतका स्पष्ट कागद नाही. मंडळाकडे अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा तो नववीच्या सुरुवातीलाच द्यावा. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करणाऱ्यांची फाइल नेमकी सहीसाठी अडकते.

लेखनिक मिळणं आणि लेखनिक वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवय नसलेलं मूल आधी एक वाक्य सांगतं, ते लिहून होईतो पुढचं विसरतं, आणि जादा तासही पुरत नाही. आठवीपासून निदान दोन घटक चाचण्या लेखनिकासह द्याव्यात: मुद्दे आधी बोटांवर मोजायचे, मग वाक्य, मग ‘पूर्णविराम, नवीन ओळ’ हे तोंडाने म्हणायचं. गणितात आकृती आणि पायऱ्या कशा सांगायच्या त्याचा सराव वेगळा.

भाषेची सूट घेताना गोव्यात थोडं पुढचं बघावं. सरकारी नोकरीसाठी कोकणीचं ज्ञान आवश्यक धरतात, मराठीचं इष्ट. कोणती भाषा सोडायची हे केवळ गुणांवरून ठरवू नये. सोडली तरी बोलणं-वाचणं चालू ठेवावं. गणिताऐवजी दुसरा विषय घेतला की डिप्लोमाची आणि विज्ञानाची वाट बंद होते. हे सवलत देणारा सांगत नाही, विचारावं लागतं. बाकी ही खिडकी पाचात चार.

शेवटची खिडकी तक्रारीची. क्रम असा: मुख्याध्यापक, भागशिक्षणाधिकारी, शिक्षण खातं, मग राज्य दिव्यांगजन आयुक्त. आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, माणूस बोलावता येतो, कागद मागवता येतात. शिफारस केली की संबंधित खात्याने केलेली कारवाई तीन महिन्यांत कळवायची असते. पण आयुक्त आदेशापेक्षा शिफारसच देतात, त्यामुळे त्यांच्यापुढे जाणारा कागद भक्कम हवा. कितीतरी तक्रारी तिथे पोचून लंगड्या पडतात, कारण आधीचं सगळं तोंडी झालेलं असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. शाळेने घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपावी. तक्रार एका पानाची: मुलाचं नाव, इयत्ता, अपंगत्वाचा प्रकार, कोणती सोय मागितली आणि कधी, काय उत्तर आलं, कोणतं कलम, आणि नेमकं काय हवं. ‘न्याय मिळावा’ असं लिहिलं की उत्तरही तितकंच मोघम येतं. ‘योजना पंधरा दिवसांत लेखी मिळावी आणि घटक चाचणीत तासाला २० मिनिटं जादा मिळावीत’ असं लिहिलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. पाचात साडेतीन, कापलेल्या गुणांतला अर्धा गेला तो सुनावणीसाठी काणकोण किंवा पेडण्याहून पणजी गाठावी लागते म्हणून.